तीन डझन चष्मे पाठवावेत

मागच्या वर्षी श्रावणात माझी थोरली बहीण साताऱ्यातल्या तिच्या घराच्या जिन्यावरून पडली. शेवटच्या तीन पायऱ्या राहिल्या होत्या. डाव्या मनगटाचं हाड मोडलं आणि सहा आठवडे हात गळ्यात आला. ताईचं वय बासष्ट. त्या जिन्यावरून ती पस्तीस वर्षं चढ-उतर करते आहे, दिवे गेले तरी अंधारात उतरते. त्या दिवशी दिवे होते, भर दुपार होती. पण पायरी जिथे दिसली तिथे ती नव्हती. कारण ताईच्या डोळ्यांवर चार दिवसांपूर्वी घरपोच आलेला नवा कोरा चष्मा होता. आणि तो मी मागवला होता. पुण्यात बसून, फोनवर, दुकानातल्या किमतीच्या निम्म्यात. ‘बघ, कसं काम केलं’ असं वर तिला ऐकवलंही होतं.

मी इतिहासाचा मास्तर. चूक झाली की ती आपल्याआधी कोणी केली होती का, हे शोधायची मला खोड आहे. ताईच्या पलंगाशी बसून मी चष्म्याचा इतिहास वाचायला घेतला आणि पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ भेटले. मिलानचे ड्यूक, फ्रान्चेस्को स्फोर्झा.

२१ ऑक्टोबर १४६२ रोजी या ड्यूकसाहेबांनी फ्लॉरेन्समधल्या आपल्या वकिलाला पत्र लिहिलं. मजकूर साधारण असा, की फ्लॉरेन्समध्ये चष्मे उत्तम होतात असं ऐकतो, आमच्याकडे पुष्कळ जण मागत असतात, तरी तीन डझन चष्मे पाठवावेत. एक डझन लांबचं दिसण्यासाठी, म्हणजे तरुणांचे. एक डझन जवळचं दिसण्यासाठी, म्हणजे म्हाताऱ्यांचे. आणि एक डझन साधारण नजरेचे. आपल्याला स्वतःला चष्म्याची गरज नाही, देवकृपेने नजर चांगली आहे, हे सांगायला ड्यूकसाहेब विसरले नाहीत! चार वर्षांनी, १४६६ मध्ये, त्यांच्या मुलाने दोनशे चष्म्यांची मागणी नोंदवली. त्यात तर तिशीपासून सत्तरीपर्यंत पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांनी चष्मे मागवले होते. विन्सेंट इलार्दी या इतिहासकाराने ही पत्रं १९७६ साली प्रसिद्ध केली.

म्हणजे डोळा एका गावात, कारागीर दुसऱ्या गावात आणि मधे नुसता कागद, हा व्यवहार साडेपाचशे वर्षांचा जुना आहे. २०१० साली अमेरिकेत वॉर्बी पार्कर आणि आपल्याकडे लेन्सकार्ट यांनी संकेतस्थळावरून चष्मे विकायला सुरुवात केली, तेव्हा कागदाची जागा पडद्याने घेतली, एवढंच. प्रश्न तेव्हाचा तोच आजचा. डोळ्याबद्दल जे जे कारागिराला कळायला हवं, ते सगळं त्या कागदावर असतं का?

स्फोर्झांच्या कागदावर होतं फक्त वय. आपल्याला हसू येईल, पण जरा थांबा. आपल्या मराठीत जवळच्या चष्म्याला शब्द काय? चाळिशी. ‘माझी चाळिशी कुठे ठेवली गं?’ हे वाक्य आपण आजोबांच्या तोंडून ऐकलं आहे. आपण तर वस्तूचं नावच वयावरून ठेवलं. आणि ते अगदी शास्त्रशुद्ध आहे. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर कडक होत जातं, जवळचं बघताना त्याला फुगता येत नाही, आणि चाळिशीच्या आसपास वर्तमानपत्र हातभर लांब जातं. हे सगळ्यांचं होतं, ड्यूकचं आणि हमालाचं सारखंच. त्यामुळे नुसत्या जवळच्या चष्म्यापुरतं वय सांगितलं तरी बरंचसं काम भागतं. माझ्या लहानपणी बाजाराच्या दिवशी टोपलीत चष्मे घेऊन एक जण बसायचा. म्हातारी माणसं एकेक चष्मा नाकावर ठेवून पंचांगाचं पान धरून बघायची. अक्षर लागलं की पैसे द्यायचे. ड्यूकच्या दरबारात याहून फार वेगळं घडत नसणार.

चष्मा पहिल्यांदा झालाही तो याच कामासाठी, बहिर्गोल भिंगांचा, जवळचं वाचायला. फ्लॉरेन्समध्ये १३०६ साली प्रवचन देताना जोर्दानो नावाच्या धर्मगुरूंनी सांगितलं, की ही कला सापडून अजून वीस वर्षंही झालेली नाहीत. त्यावरून चष्म्याचा जन्म १२८६ च्या आसपासचा, पिसा शहराच्या परिसरातला धरतात. शोधकर्त्याचं नाव कोणालाच माहीत नाही. पिसाच्या मठाच्या बखरीत एवढंच आहे, की कोणा एकाने चष्मा केला आणि कृती सांगायला नकार दिला. मग अलेस्सांद्रो देल्ला स्पिना नावाच्या भिक्षूने तो पाहून स्वतः करून दाखवला आणि ती विद्या हसतमुखाने सगळ्यांना देऊन टाकली. हा स्पिना १३१३ मध्ये वारला. ज्याने कृती लपवली त्याचं नाव पुसलं गेलं, ज्याने वाटली त्याचं राहिलं.

फसवणूकही तेव्हापासूनचीच. १३०० च्या सुमाराला व्हेनिसमधल्या स्फटिकाच्या कारागिरांना सक्त ताकीद होती, की साधी काच स्फटिक म्हणून विकायची नाही. त्या नियमांत डोळ्यांसाठीच्या चकत्यांचाही उल्लेख आहे. हे व्हेनिस लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आपल्याकडे चष्मा कधी आला, हे शोधणारा माणूस पुण्याचाच. भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे. जिलेबीपासून ज्वारीपर्यंत कशाचाही इतिहास संस्कृत पोथ्यांतून काढणारे हे विद्वान चष्म्याच्या मागेही लागले. विजयनगरच्या काळातले माध्व आचार्य व्यासतीर्थ १५३९ साली समाधिस्थ झाले. त्यांच्या समकालीन संस्कृत चरित्रात ते चष्मा लावून ग्रंथ वाचत असल्याचं वर्णन आहे. पोर्तुगीजांनी गोवा घेतलं ते १५१० मध्ये. तेव्हा हा चष्मा त्यांच्या गलबतांतून आला असावा, असा तर्क निघतो. तोही दुसऱ्याच्या गावाहून आलेला!

आता आपण नंबरच्या कागदाकडे येऊ. घरात असेल तर काढून समोर ठेवा. एकेका रकान्यामागे एकेक माणूस उभा आहे.

पहिला रकाना ‘स्फेरिकल’. अधिक म्हणजे बहिर्गोल, उणे म्हणजे अंतर्गोल. अंतर्गोल काचा लोक पंधराव्या शतकापासून वापरत होते, पण त्यांनी लांबचं का दिसतं याचा नीट उलगडा केप्लरने १६०४ मध्ये केला. चित्र उमटतं ते डोळ्याच्या मागच्या पडद्यावर आणि भिंग ते पुढेमागे सरकवतं, हे त्याने सांगितलं. १६२३ साली स्पेनमधल्या सेव्हिल इथून दाझा दे वाल्देस याचं चष्म्यांवरचं पुस्तक निघालं. नजर मोजायला त्याने काय वापरलं असेल? मोहरी! दाणे एका ओळीत मांडायचे आणि किती अंतरावरून मोजता येतात ते बघायचं. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता नेदरलँड्सच्या स्नेलेनने १८६२ मध्ये केला.

नंबर म्हणजे नेमकं काय, हा घोटाळा मात्र पुढेही चालू होता. भिंगाचं केंद्र किती इंचांवर पडतं त्यावरून काचेला नंबर देत. पण पॅरिसचा इंच वेगळा आणि लंडनचा वेगळा. म्हणजे एका देशातला कागद दुसऱ्या देशात गेला की चष्मा बदलला. १८७२ साली फ्रान्सच्या मोनोयेने सुचवलं, की मीटर धरा आणि एकाला त्याने भागा. केंद्र एक मीटरवर पडलं तर एक नंबर, अर्ध्या मीटरवर पडलं तर दोन. हेच डायॉप्टर. आज साताऱ्याचा कागद जगात कुठेही वाचला जातो तो या साध्या भागाकारामुळे.

पुढचे दोन रकाने ‘सिलिंड्रिकल’ आणि ‘ॲक्सिस’. काहींच्या डोळ्यांचा पुढचा गोल चेंडूसारखा नसतो, एका बाजूने दाबल्यासारखा असतो. मग रस्त्यावरचा दिवा ठिपक्यासारखा न दिसता एका दिशेला ताणलेला दिसतो. थॉमस यंग यांनी १८०१ मध्ये स्वतःच्याच डोळ्यात हा दोष वर्णन केला. केंब्रिजचे गणिती जॉर्ज एअरी यांनी आपल्या डाव्या डोळ्यासाठी हिशेब केला, इप्सविचच्या एका कारागिराकडून दंडगोल वळणाची काच घासून घेतली आणि १८२५ मध्ये त्यावर निबंध वाचला. हेच एअरी पुढे ग्रिनिच वेधशाळेचे प्रमुख झाले. सिलिंडरचा नंबर म्हणजे त्या काचेची ताकद आणि ॲक्सिस म्हणजे ती कोणत्या कोनात बसवायची ते. हा कोन शून्य ते एकशे ऐंशी अंशांचा असतो. कागदावरून फोनमध्ये उतरवताना इथे एक आकडा चुकला तर काच उत्तम, पण वाकडी बसलेली मिळते.

शेवटचा रकाना ‘ॲड’, म्हणजे जवळसाठी वाढवायचा नंबर. इथे बेंजामिन फ्रँकलिन येतात. दोन चष्मे सतत बदलायचा कंटाळा येऊन त्यांनी दोन्ही काचा अर्ध्या कापल्या आणि एकाच फ्रेममध्ये बसवल्या, वर लांबची, खाली जवळची. मे १७८५ मधल्या पत्रात ते लिहितात, की फ्रान्समध्ये जेवणाच्या टेबलावर याचा फार फायदा होतो. ताटातलं दिसतं आणि समोर बोलणाऱ्याचा चेहराही दिसतो. आणि चेहरा दिसला की फ्रेंच समजायला सोपी जाते! ही आपली बायफोकल. तिच्यातली रेघ घालवली ती बर्नार मैतना या फ्रेंच इंजिनिअरने. १९५९ मध्ये त्याची प्रोग्रेसिव्ह काच बाजारात आली. वरून खाली नंबर हळूहळू बदलत जातो, पाहणाऱ्याला रेघ दिसत नाही.

ताईला मी मागवली होती ती हीच.

कागदावरचं सगळं मी बरोबर भरलं होतं. दोनदा तपासलं होतं. पण फोनवर आणखी एक रकाना होता, जो डॉक्टरांच्या कागदावर नव्हता. दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर. मी ताईला समोर बसवलं, शाळेतली पट्टी तिच्या कपाळाशी धरली आणि म्हटलं, ‘माझ्याकडे बघ.’ तिने बघितलं. मी आकडा लिहिला.

हात गळ्यात असताना ताई तिच्या नेहमीच्या चष्मेवाल्याकडे गेली. मी बरोबर होतो. त्याने तो चष्मा तिला घालायला लावला, स्वतः दूर उभा राहिला, आपल्या कानाकडे बघायला सांगितलं आणि पेनाने काचेवर दोन ठिपके काढले. मग मला म्हणाला, ‘सर, जवळ बसून मोजलंत ना? जवळ बघताना बाहुल्या नाकाकडे येतात. तीन-चार मिलिमीटर तिथेच गेले. आणि उंची कोणी घेतली?’ उंची? बाहुली फ्रेमच्या खालच्या काठापासून किती वर येते, ते माप. ते मला कोणी विचारलं नव्हतं आणि मलाही ठाऊक नव्हतं. ताईच्या नाकावर ती फ्रेम जिथे बसत होती, तिथे वाचायचा भाग जरुरीपेक्षा वर आला होता. नुसती मान सरळ ठेवून नजर खाली केली की ती पुस्तकाच्या नंबरमधून पायरी बघत होती. पुस्तक फूट-सव्वा फुटावर असतं. पायरी तर पाच फुटांवर!

बरोबर बसवलेल्या बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह काचेतही हा धोका थोडा असतोच. असे चष्मे वापरणारे वृद्ध इतरांपेक्षा जास्त पडतात, असं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००२ सालीच दाखवलं आहे. चष्मेवाला हा धोका कमी करतो तो दोन मापांनी आणि एका वाक्याने. वाक्य असं, की ‘जिना उतरताना हनुवटी खाली घ्या’. माझ्या निम्म्या किमतीत ते वाक्य नव्हतं.

१९७८ मध्ये अमेरिकेत नियम झाला, की डोळे तपासले की डॉक्टरांनी नंबरचा कागद रुग्णाच्या हातात दिलाच पाहिजे, म्हणजे तो हवं तिथून चष्मा घेईल. गिऱ्हाइकाच्या बाजूचा, चांगला नियम. पण बाहुल्यांमधलं अंतर लिहायची सक्ती त्यात नव्हती. कागद हिंडायला मोकळा झाला. ती मापं मात्र दुकानातच राहिली, चष्मेवाल्याच्या हातात. तो ती न विचारता घ्यायचा म्हणून आपल्याला ती असतात हेच कळलं नाही.

मग घरबसल्या चष्मा मागवूच नये का? तसं मी म्हणणार नाही. आसामच्या मळ्यांत चहाची पानं खुडणाऱ्या चाळिशीपुढच्या कामगारांना साधे जवळचे चष्मे देऊन एक अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चष्मा मिळालेल्यांची खुडणी चष्मा न मिळालेल्यांपेक्षा सुमारे बावीस टक्क्यांनी जास्त वाढली. शिंपी, सुईण, धान्य निवडणारी बाई, या साऱ्यांचं पोट या काचेवर आहे. चष्मा स्वस्त होणं ही पुण्याची गोष्ट आहे. फक्त कोणता चष्मा कागदावरून होतो आणि कोणत्याला चेहरा लागतो, हे ओळखावं.

एकाच नंबरचा, नुसता वाचायचा किंवा नुसता लांबचा, फार मोठा नंबर नसलेला चष्मा दूरवरून खुशाल मागवावा. नंबर जितका मोठा तितकी मधल्या बिंदूची एकेक मिलिमीटरची चूक महाग पडते, म्हणून चार-पाचच्या पुढे गेलात तर माप जाणत्याकडून घ्या. डोळे तपासायला जाल तेव्हाच बाहुल्यांमधलं अंतर कागदावर लिहून मागा. प्रोग्रेसिव्ह आणि लहान मुलांचा चष्मा तर समोर बसूनच करून घ्यावा.

काचेच्या प्रकारांची यादी मोठी असते, पण घाबरायचं कारण नाही. १.५, १.६, १.६७, १.७४ हे आकडे काच प्रकाशाला किती वळवते ते सांगतात. आकडा मोठा तशी काच पातळ आणि महाग. १.५ म्हणजे सीआर-३९ हे प्लॅस्टिक, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत तयार झालेलं. दोन-अडीच नंबरपर्यंत तेच पुरतं, आणि नजरेला ते स्वच्छही असतं. उणे नंबरची काच काठाला जाड होते, तेव्हा महाग काचेआधी लहान फ्रेम निवडून बघा. पॉलिकार्बोनेट सहसा फुटत नाही, म्हणून मुलांना ते चांगलं. मात्र त्यात काठाकडे रंगांची किनार थोडी जास्त दिसते. चकाकी घालवणारा लेप जर्मनीत झाइस कंपनीच्या स्माकुला यांनी १९३५ मध्ये काढला. रात्री गाडी चालवणाऱ्याने तो जरूर घ्यावा. आणि ‘ब्लू कट’? २०२३ मध्ये सतरा चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. संगणकावर काम करताना डोळे थकण्यात या काचेने निदान थोड्या काळात तरी काही फरक पडत नसावा, असं त्यात दिसलं. इथे मला व्हेनिसची ती ताकीद आठवते.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. नंबर काढणं म्हणजे डोळे तपासणं नव्हे. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही, कडेची नजर गुपचूप खात जातो आणि त्या काळात नंबर तोच राहू शकतो. जुन्याच कागदावर पुन्हा पुन्हा चष्मे मागवणाऱ्याला तो कळणारच नाही. चाळिशीनंतर वर्ष-दोन वर्षांतून एकदा डॉक्टरांनी डोळ्याच्या आतला पडदा आणि दाब पाहिलाच पाहिजे. ते काम अजून कुठल्याही कागदावरून होत नाही.

ताईचं मनगट आता बरं आहे. पोळी लाटताना थोडं दुखतं. तिच्याकडे आता दोन चष्मे आहेत. चालायचा चष्मेवाल्याने करून दिला. वाचायचा साधा चष्मा पुन्हा मीच फोनवरून मागवला, या वेळी चष्मेवाल्याने लिहून दिलेलं माप घालून. तिनेच मागवायला लावला. म्हणाली, ‘अरे, बसून वाचायला काय होतंय? बसलेलं माणूस पडत नाही.’